गुडघ्याएवढा करंज

मंडळी, एक साधा प्रश्न विचारतो. दारात लावायला दोन रोपं आहेत. एक डुरांटा — पिवळंधमक पान, महिन्याभरात डोळ्यांत भरतो, कापाल तसा राहतो. दुसरा करंज. पहिली तीन वर्षं नुसती काठी! येणारा-जाणारा विचारतो, "वाळलं का हो तुमचं?" फूल बारीक, शेंग चपटी, बी कडू. सांगा, लावायचं कुठलं?

काय? करंज? वा! कीर्तनात बसलं की सगळे करंजच म्हणतात! येऊ का तुमचं अंगण बघायला? नको? बरं, मग ऐका.

शेळवणे नावाचं गाव. गावात सरकारी दवाखाना — दोन खोल्या, पत्र्याचा व्हरांडा, पुढं उघडं पटांगण. बुधवारी बाळांना लस टोचायची. वीस-पंचवीस लेकुरवाळ्या यायच्या. व्हरांड्यात मावायच्या आठ. बाकीच्या उन्हात! पदर बाळाच्या डोक्यावर, स्वतःचं डोकं देवाच्या हवाली.

त्या दवाखान्यात अनुसया नावाची बाई झाडलोट करायची. बावीस वर्षं. तिचं मागणं एकच, "इथं एक झाड लावा हो." तीन सरपंच झाले. तिघांनीही लिहून घेतलं. लिहून घेण्यात आपली माणसं फार पुढं! कागदाची सावली पडत असती, तर शेळवण्यात उन्हं दिसली नसती.

मग अनुसया वारली. अकरा दिवस आजारी होती, बाराव्या दिवशी नाही. नवरा सदोबा. गवंडीकाम करणारा, बोलणं कमी. त्यांच्याकडं आता अशी चाल पडलीय — राख नदीत सोडायची नाही. खड्डा घ्यायचा, राख मातीत मिसळायची, त्यावर झाड लावायचं. तिसऱ्या दिवशी सावडून झालं. भावकी म्हणाली, "बांधावर लाव." सदोबा म्हणाला, "नाही. दवाखान्यापुढं."

सरपंच लगेच हो म्हणाले! तिसऱ्या दिवशी कुणी नाही म्हणत नसतं, मंडळी. नाही म्हणायला लोक तेरावा होईपर्यंत थांबतात.

करंज लागला. सदोबा रोज सकाळी कळशी घेऊन जायचा. घरी तरी काय करणार? दोघांचा चहा टाकायचा आणि एक कप मोरीत ओतायचा. ही सवय वर्ष झालं तरी जात नाही. मला ठाऊक आहे. — असो. पुढं ऐका.

गावाच्या सुशोभनाची स्पर्धा आली. समितीचे अध्यक्ष कोण? अण्णा खराडे! दवाखान्यापुढं तीनशे डुरांटे लागले. ओळीच ओळी. मधल्या ओळीत कोण सापडलं? सदोबाचा करंज.

अण्णांनी माळ्याला बोलावलं. "भिका, सगळं एका पातळीत पाहिजे. गुडघ्याएवढं. लांबून गालिचा वाटला पाहिजे!"

"अण्णा, मधी करंज हाय."

"ओळीत आहे ना? मग ओळीसारखा राहू दे."

झालं! भिकानं कात्री चालवली.

सकाळी सदोबा बघतो, तर शेंडा गायब. म्हणाला, शेळीनं खाल्ला. बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. पंधरा दिवसांनी परत शेंडा गायब. आणि कुंपण? जागच्या जागी! आता बघा हं — शेळी आली, तिनं कुंपण बाजूला केलं, शेंडा खाल्ला, कुंपण होतं तसं लावलं आणि गेली. एवढ्या वळणाची शेळी शेळवण्यात कुणाची? माणसं तरी आहेत का तशी?

पण सदोबा गवंडी होता. त्यानं पिशवीतली दोरी काढली. ह्या टोकाच्या डुरांट्याला एक टोक बांधलं, त्या टोकाच्या डुरांट्याला दुसरं. दोरी ताणली. करंजाचा कापलेला शेंडा बरोब्बर दोरीला टेकला! भिंतीचा थर रचावा तसा.

शेळीला पातळी कळत नाही, मंडळी. पातळी समितीला कळते.

सदोबा अण्णांच्या ओट्यावर गेला. "अण्णा, करंज तेवढा सोडा."

"अरे, मेलाय का तो? हिरवा आहे ना? फक्त उंची आवरलीय."

"उंची नसंल, तर सावली कशी पडायची?"

"सावली पाहिजे तर छत्री आण! स्पर्धेला फोटो लागतो, सदोबा. फोटोत सावली म्हणजे काळा डाग."

सदोबानं ती दोरी अण्णांपुढं ठेवली. मग म्हणाला, "अण्णा, ती तिथंच हाय. दर पंधरा दिवसांनी तुम्ही तिच्या डोक्यावर कात्री चालवताय."

अण्णा खाकरले. "तुझ्या भावना समजतो रे मी." — हे वाक्य ऐकलं की सावध व्हा, मंडळी! भावना समजल्या की पुढं काहीतरी काढून घेतात. — "असं करू, बुधवारी तपासणी होऊ दे. गुरुवारी भिका करंज उपटून मागच्या भिंतीकडं लावील."

"आणि राख?"

"राख... ती आता मातीच झाली ना."

सदोबा उठला. चपला घातल्या.  

बुधवार उजाडला. वैशाखाचं ऊन. तपासणीचा बुधवार आणि लसीचा बुधवार एकच, हे समितीत कुणाच्या ध्यानात आलं नाही. कसं येईल? समितीतल्या कुणाला लस टोचायची होती?

साहेब दहाला येणार होते. बारा वाजले. फाटकावर भला मोठा फ्लेक्स — अण्णांचा हात जोडलेला फोटो, खाली 'सहर्ष स्वागत'. पटांगणात पिवळा गालिचा. आणि कडेला बायका, मांडीवर पोरं, एकाची रड थांबली की दुसऱ्याची सुरू. त्यातच अण्णांची सून रोहिणी, चार महिन्यांच्या बाळाला घेऊन.

"मामंजी, बाळ तापलंय उन्हानं."

"दम धर गं जरा. साहेब येतायत."

"मग तोवर बाळाला तुमच्या डुरांट्याखाली निजवू का? मांजराचं पिल्लू असतं तर मावलं असतं!"

बायका खदखदून हसल्या! अण्णा इकडंतिकडं बघायला लागले. तेवढ्यात रोहिणीनं बाळ शेजारणीकडं दिलं, पदर खोचला, फाटकाशी गेली आणि फ्लेक्सची दोरी ओढली. खाली आले अण्णा — म्हणजे फोटोतले!

सदोबा करंजाशीच बसला होता. तो पुढं झाला. फ्लेक्सची दोन टोकं त्यानं व्हरांड्याच्या खांबांना बांधली, तिसरं स्वतः वर धरलं. बायका खाली सरकल्या. चौथं टोक लोंबतंय. कोण धरणार?

"मामंजी, धरा!"

अण्णांनी बघितलं. सून बघतेय, गाव बघतंय, नातू रडतोय. धरलं! धरणार नाही तर काय?

आणि तेव्हाच जीप आली, मंडळी. साहेब म्हणजे मोठी अधिकारी बाई निघाली! उतरली, घामानं भिजलेली. तिनं गालिचा बघितला का? छे! सरळ फ्लेक्सखाली शिरली, बायकांत मांडी घालून बसली, म्हणाली, "पाणी आहे का कुणाकडं?" आयुष्यात पहिल्यांदा अण्णांचा फोटो कुणाच्या कामी आला!

बाई अर्धा तास बसली. अण्णांना बाग दाखवायचीय — पण टोक सोडता येईना! डाव्या हातानं उजवा खांदा दाबायला लागले.

"दुखत असेल हो," बाई म्हणाली.

"छे छे! काही नाही!"

"इथं एकही झाड नाही का?"

  रोहिणीनं बोट दाखवलं, "आहे की. ते बघा, डुरांट्यात उभं आहे. दर पंधरा दिवसांनी कापतो आम्ही."

बक्षीस मिळालं का? मिळालं! शेजारच्या गावाला. त्यांचा डुरांटा जास्त पिवळा होता. काय वाटलं तुम्हाला, बाई सावलीत बसली म्हणून निकाल फिरेल? फार कीर्तनं ऐकता तुम्ही!

गुरुवारी भिका कुदळ घेऊन आला. सदोबा फटफटल्यापासून करंजाशी बसलेला. ओरडला नाही, हात जोडले नाहीत. नुसता बसला. भिका कुदळ खांद्यावर घेऊन उभा. दोघंही अण्णांची वाट बघतायत.

अण्णा आले. उजवा हात डाव्या हातानं धरलेला, वर उचलत नव्हता. करंजापुढं उभे राहिले.

"भिका, कुदळ घरी ने."

"मग नुसता कापू का, अण्णा?"

"कापायचा पण नाही." मग सदोबाकडं न बघताच विचारलं, "किती वर्षांत सावली देईल हा?"

"सहा-सात."

"तोपर्यंत बायकांनी काय करायचं?"

सदोबानं अण्णांच्या हाताकडं बघितलं. "तोवर तुमी हायसा की! हाताला तेल लावत जावा."

अनुसया गेल्यापासून त्या माणसाच्या तोंडून पहिल्यांदा गमतीचा शब्द निघाला होता. अण्णा हसले. त्यांना हसावंच लागलं.

मग सदोबानं भिकाकडं कात्री मागितली. सारखं कापून कापून करंजाला चार फुटवे आले होते. सदोबानं तीन काढले, सरळ असलेला एक ठेवला, काठीला बांधला. तीन काढताना त्याचा हात अडखळला. पण काढले. कात्री वाईट नसते, मंडळी. ती झाड वर जावं म्हणून चालवायची, की आपल्या गुडघ्याएवढं राहावं म्हणून, एवढंच बघायचं असतं. घरातल्या सुनेवर, लेकीवर, हाताखालच्या माणसावर आपण कुठली चालवतो? राहू द्या, मोठ्यानं सांगू नका. शेजारी बायको बसलीय. ज्याच्या शेजारी बसलीय, त्यानं तेवढं तरी दैव मानावं.

आता काल्याची वेळ झाली. दहीहंडी तयार आहे. पण जरा मागं वळून बघा. मंडप पुरला नाही. पन्नासेक बायका उन्हात बसल्यात, दोन तास झाले. कुणाच्या मांडीवर पोर आहे, कुणाच्या डोक्यावर पदर आहे. आणि पुढं गाद्यांवर, पंख्यापुढं कोण? सत्काराची शाल घेतलेले! मघाशी 'करंज' म्हणून सगळ्यांत मोठ्यानं कोण ओरडलं? हेच!

उठा. गाद्या मोकळ्या करा. त्यांना आत घ्या आणि तुम्ही बाहेर जा. पाटील, तुम्ही पण. शाल डोक्यावर घ्या, चालेल!

मी बोलायचा थांबलोय. टाळकरी पण थांबलेत. शेवटची बाई आत आल्याशिवाय हंडी फुटणार नाही.