साहेब, मांगं पाहा

(टिपेश्वरचं जंगल. पानवठ्याजवळ उभी उघडी जिप्सी. चालक प्रफुल्ल, गाईड प्रियंका आणि मागच्या सीटवर मुंबईचे चित्रपट निर्माते सबनीस.)

प्रफुल्ल : ...तं साहेब, आपल्या पिच्चरमधून समाजाले संदेश असा जाते का—

सबनीस : संदेश? अरे बाबा, मी वाघ बघायला आलोय. संदेश मला मुंबईत रोज चार जण ऐकवतात.

प्रियंका : हळू बोला ना! प्रफुल्लभाऊ, वाघ नाई दिसला तं नाव माह्यं खराब होते.

प्रफुल्ल : साहेबाची शेवटची सफारी हाय आज. कितीक वर्सांपासून पिच्चरची गोष्ट पोटात घेऊन फिरून राह्यलो. आता नाई तं कवा सांगू?

सबनीस : बरं, वाघ येईपर्यंत सांग. तो आला की तू गप्प. कबूल?

प्रफुल्ल : कबूल! तं पयल्या भागात गावाचा विकास—

प्रियंका : विकास कायले लावला? कॅन्टीनवर मले अर्धी सांगून पळाला होता, ते मिठाची सांग ना!

प्रफुल्ल : ते तं साधी हाय.

सबनीस : साधीच सांग.

प्रफुल्ल : केळापूरची कौसल्याबाई. भाजी चुलीवर. नवऱ्याले म्हणते, मीठ सरलं, घेऊन या. तो जाते, अन् येतच नाई.

सबनीस : मग?

प्रफुल्ल : तीस वर्सं बाई अळणी जेवते. शेजारणीनं मीठ देल्लं तं घेत नाई. म्हणते, हे गेले हायेत ना आणाले.

सबनीस : जबरदस्त बाई आहे!

प्रफुल्ल : अन् एक दिवस दारावर थाप. बाहेर म्हातारा. हातात मिठाची पुडी.

सबनीस : आईशप्पथ! मग?

प्रियंका : भाऊ... पाण्यावर पाह्य.

प्रफुल्ल : दिसली मले.

सबनीस : कोण? कौसल्या? दार उघडते ती?

प्रियंका : सांग ना त्याइले!

प्रफुल्ल : सांगतलं तं माही गोष्ट गेली, प्रियंका.

प्रियंका : अन् नाई सांगतलं तं माही इज्जत!

प्रफुल्ल : ...साहेब, मांगं पाहा. वाघीण हाय.

सबनीस : ऐन रंगात आल्यावर विषय बदलू नकोस.

प्रफुल्ल : आईची आन, खरी हाय! संगं दोन पिल्लं हायेत!

सबनीस : असू देत, पाणी पितील आणि जातील. दार उघडते का ते सांग!

प्रियंका : गेली.

सबनीस : कोण?

प्रियंका : वाघीण, साहेब. झाडीत गेली.

सबनीस : म्हणजे खरंच होती?

प्रफुल्ल : गेट बंद व्हायची वेळ झाली. चाला, गाडी काढतो.

प्रियंका : चाबी दे इकडं. आधी सांग, उघडलं का तिनं?