इच्छार्थाची टोपी

धाकटी: हसली ती, ताई. सहा वर्षांची माझी नात, फोनवर मला हसली.

मोठी: तुझा उच्चार चुकला असेल.

धाकटी: तू शिकवलास तसाच केला. आठवडाभर भांडी घासताना तेच वाक्य घोकत होते, 'ज वूले क तू व्हँस'. तू यावंस असं मला वाटत होतं. तिच्या भाषेत एक वाक्य, एवढीच हौस होती माझी. तर ती म्हणते कशी, आजी, मी वीस वर्षांची नाही गं, सहाची आहे.

मोठी: 'व्हँ' म्हणजे वीस. 'व्हँस' म्हणजे यावंस. शेवटचा स खाल्ला असशील तू.

धाकटी: खाल्ला नाही. चांगला चावून बाहेर काढला.

मोठी: मग तिच्या कानात दोष आहे. फ्रेंच शाळेत जाते म्हणे. फ्रेंच शाळेतल्या पोरीला फ्रेंच क्रियापद कळू नये, म्हणजे ती शाळा आहे की गोठा?

धाकटी: मग ठमीनं फोन घेतला. म्हणाली, आई, इथे असं कुणी म्हणजे कुणी बोलत नाही. दुकानात नाही, कोर्टात नाही, आजोबा-पणजोबासुद्धा नाहीत. सगळे 'व्हिएन' म्हणतात. आणि म्हणाली, हे मावशीचंच काम, दुसऱ्या कुणाचं डोकं एवढं चालणार नाही.

मोठी: सगळे म्हणतात. सगळे रस्त्यावर थुंकतातसुद्धा. तुझ्या मुलीला मी घरातल्या ह्याच फळ्यावर फ्रेंचची सगळी रूपं शिकवली, दोन वेण्या घालून ती ह्या स्टुलावर उभी राहायची. आणि आता तिकडे जाऊन व्हिएन, व्हिएन करते. गाढवापुढे वाचली गीता.

धाकटी: गाढव म्हणू नकोस माझ्या पोरीला.

मोठी: म्हणीतलं गाढव आहे ते. हसली का गं ती?

धाकटी: कोण?

मोठी: ठमी. हे मावशीचं काम, असं म्हणताना हसली की रागावली?

धाकटी: तुला काय करायचंय? पोरीला तुझ्याशी बोलून वर्षं लोटली.

मोठी: तिनं बोलणं टाकलं. मी नाही.

धाकटी: वा. म्हणजे सगळं तिचंच चुकलं. आता नीट ऐक, मला तुझ्याशी मुख्य बोलायचंय ते वेगळंच. सुट्टीत येते म्हणतेय ती. तिघंही. इथे, ह्या घरात. छोटीला घर दाखवायचंय तिला. पण तिची एक अट आहे.

मोठी: जावयाला गादी मऊ लागते?

धाकटी: तू त्याची एकही चूक काढायची नाहीस. तो काहीही बोलला, कसाही बोलला तरी. तसा तू शब्द दिलास तरच ती तिकिटं काढणार. संध्याकाळी फोन करून विचारणार आहे.

मोठी: शब्द? मी शब्द द्यायचा? मी आयुष्यभर चुका काढून पोट भरलं. चूक दिसली की हात आपोआप खडूकडे जातो माझा. शिंक कुणाला थांबवता येते का?

धाकटी: येते. नाकाखाली बोट दाबायचं. वॉर्डात पहिल्याच वर्षी शिकवतात नर्सला.

मोठी: तुझ्या वॉर्डात काय, मेलेल्यालाही औषध घ्या म्हणून उठवत असाल.

धाकटी: आणि तुझ्याकडे? मेलेलं क्रियापद जिवंत माणसाच्या गळ्यात बांधतेस. कुणी बोलत नाही, कुणी लिहीत नाही, आणि तू एकटी त्याला रोज आंघोळ घालून, भांग पाडून बसवतेस.

मोठी: लिहितात. चांगली पुस्तकं लिहिणारे लिहायचे.

धाकटी: लिहायचे. बघ, तूच भूतकाळात गेलीस.

मोठी: तुला काय कळतंय त्यातलं? नुसतं 'यावं' म्हणणं वेगळं आणि 'यावं असं वाटत होतं' म्हणणं वेगळं. वाटणं मागं गेलं की येणंही मागं ओढावं लागतं. तो कायदा आहे. व्हिएन म्हणणारा माणूस निम्मंच वाक्य मागं नेतो. एक पाय घरात, एक पाय दारात. आळशी लोक.

धाकटी: आणि ह्या एका पायासाठी तू जावयाची त्याच्या मातृभाषेत चूक काढलीस. त्याच्या आईनं शिकवलेल्या भाषेत. अशी मावससासू जगात दुसरी नसेल.

मोठी: त्याच्या आईनं चुकीचं शिकवलं, त्याला मी काय करू?

धाकटी: लग्नाआधी आला होता तेव्हा कसा बसला होता बिचारा ह्याच स्टुलावर. गुडघे छातीला लागत होते. ठमीनं त्याला आधीच सांगून ठेवलं होतं, मावशीशी शुद्ध बोल, ती बाई कडक आहे. वाक्य पाठ करून आला होता. घाम पुसत होता. बोलला, आणि तू काय केलंस?

मोठी: सुधारलं. 'तुम्ही यावं'ला 'व्हनिए' म्हणाला. 'व्हँसिए' पाहिजे.

धाकटी: सुधारून थांबलीस का? त्याला उठवलंस. खडू हातात दिलास. सगळी रूपं लिही म्हणालीस. तीस वर्षांचा बाप्या फळ्यासमोर उभा, आणि तू मागून च्यक च्यक करतेस.

मोठी: टोपी विसरला होता. फ्रेंच माणूस, आणि टोपी विसरतो.

धाकटी: कसली टोपी?

मोठी: चार वर्षं भाची शिकली, जावयानं लिहिलं, आणि तू स्वयंपाकघरात काय झोपा काढत होतीस? इकडे बघ. ही अक्षरं, व्ही, आय, एन, टी. हेही 'व्हँ', पण वीसचं नव्हे. म्हणजे 'आली'. आली, विषय संपला. आता आयच्या डोक्यावर ही टोपी घातली. वाचायला पुन्हा 'व्हँ'च. पण आता झाला इच्छार्थ, 'तिनं यावं'. यावं असं वाटत होतं. आली की नाही, ते वाक्य सांगत नाही.

धाकटी: ऐकायला काहीच फरक नाही?

मोठी: काडीचा नाही. फक्त लिहिताना कळतो. म्हणून तर टोपी विसरायची नाही. टोपी नसेल तर ते वाक्यच चूक.

धाकटी: बरं. टोपी कळली. आता माझ्या एका प्रश्नाचं उत्तर दे. तो काय वाक्य बोलला होता त्या दिवशी?

मोठी: सांगितलं ना. व्हनिए.

धाकटी: क्रियापद नको. अख्खं वाक्य.

मोठी: नू वूलियाँ... आम्हाला वाटत होतं, की तुम्ही लग्नाला यावं.

धाकटी: आणि लग्न झाल्यावर वर्षभर तू सगळ्यांना काय सांगत हिंडलीस?

मोठी: खरं तेच सांगितलं. मला बोलावलं नाही.

धाकटी: ताई, ते बोलावणंच होतं.

मोठी: त्याला बोलावणं म्हणत नाहीत. बोलावणं घरी येऊन, रीतसर...

धाकटी: घरीच आला होता. रीतसर, पाठ करून. तुझं लक्ष त्याच्या क्रियापदावर. 'येते' नाही, 'येत नाही' नाही, 'बसा, पाणी घ्या' नाही. व्हँसिए. ठमी रडत त्याचा हात धरून जिना उतरली तेव्हासुद्धा तू फळ्यावर त्याची राहिलेली टोपी घालत होतीस. मी पाहिलंय.

मोठी: मला वाटलं, लग्नाच्या आधी परत येईल. तोवर शिकून येईल.

धाकटी: तो तुझा विद्यार्थी नव्हता गं.

मोठी: ती तर होती. इतकी हुशार पोर मला दुसरी मिळाली नाही. टोपी कधी विसरली नाही ती. एकदाही नाही.

धाकटी: अजून विसरत नाही.

मोठी: म्हणजे?

धाकटी: तुला सांगणार नव्हते मी, तू शेफारशील. छोटी हसली ना, तेव्हा ठमी म्हणाली, थांब, तुला मावशीआजीचं गाणं म्हणून दाखवते. आणि सुरू झाली. व्हँस, व्हँस, व्हँ, आणि पुढचं काय ते सगळं. तुझ्यासारखीच, नाक वर करून. छोटीपण मागनं म्हणायला लागली. दोघी हसून हसून बेजार.

मोठी: सगळं म्हटलं? शेवटचं 'व्हँस'पण? लिहिताना ते वेगळं असतं.

धाकटी: मला काय ठाऊक? मी नर्स आहे. ती हसत होती, एवढं कळलं.

मोठी: म्हणजे रागावून नाही हसली.

धाकटी: नाही. आणि तिसऱ्याला, त्या 'व्हँ'ला थांबून म्हणाली, इथे डोक्यावर टोपी, नाहीतर मावशी मारते.

मोठी: मी कधी मारलं नाही तिला.

धाकटी: पोरांना आठवतं ते असंच आठवतं. आता बोल. संध्याकाळी काय सांगू?

मोठी: तो व्हिएन म्हणेल. सकाळ-संध्याकाळ म्हणेल. छोटीही म्हणेल.

धाकटी: म्हणेल.

मोठी: आणि मी मूग गिळून बसायचं. माझ्याच घरात, माझ्याच फळ्यासमोर.

धाकटी: हो. नुसतं 'या, बसा' म्हणायचं. माझ्या आयुष्यात मी तुझ्याकडे दुसरं काही मागितलं नाही, ताई. मला नातीला मांडीवर घ्यायचंय. ती मोठी होत चाललीय, मांडीत मावेनाशी होईल. तुला शुद्ध भाषा हवी की माणसं हवीत, ते एकदा ठरव.

मोठी: तुला नेहमीच रडून बोलायची सवय.

धाकटी: तुला जमणार नाही. मला माहितेय. सुंभ जळेल, पीळ जाणार नाही. मी तिला नको म्हणून कळवते.

मोठी: थांब. खडू दे इकडे. छोटी येईल तेव्हा तिला वाचायला काहीतरी लिहून ठेवते. तिनं यावं असं मला वाटत होतं, एवढंच.

(मोठी फळ्यावर लिहिते.)

धाकटी: ताई.

मोठी: काय?

धाकटी: आयवर टोपी घालायची राहिली तुझी.

मोठी: दिसतंय मला. राहू दे.