डावीकडे कापणारी कात्री

आणि वर लोक मलाच म्हणतात, "स्टॅन, पोरीचं वाटोळं तू केलंस!" मी? अहो, मी? आमच्या ऑल्डम गावातल्या निम्म्या छपरांवर ज्याचा हात फिरलाय, धंद्यातली तीन पिढ्यांची पोरं ज्यानं घडवली, तो मी?... आता घडवली म्हणजे, पहिल्या दिवशी बादलीभर वाफ आणायला पाठवली. कुणाला काचेचा हातोडा आण म्हटलं, कुणाला पट्ट्यापट्ट्यांच्या रंगाचा डबा. दुकानदारही आपलेच! "पट्ट्यांचा आत्ताच संपला रे बाळा, पलीकडच्या गल्लीत बघ." पोरगं बिचारं पावसात गावभर हिंडतंय आणि आम्ही छपरावर पोट धरून हसतोय. यालाच आमच्यात शिक्षण म्हणत. माझं स्वतःचं तेवढंच झालंय.

पण आता तसं चालत नाही. आता नवीन आहे!

तुम्हाला सांगतो, माझी नात जोडी. सोळाची झाली आणि म्हणाली, "आजोबा, मला छपराचंच काम करायचंय." मांजरीसारखी चढते पोरगी, भीती कशी ती ठाऊकच नाही. माझ्या वेळी काय केलं असतं? हाताला धरून साइटवर नेलं असतं, झालं. आता नाही! आता सोळानंतर अठरापर्यंत शिकायलाच पाहिजे. काय शिकायचं? तर अक्षरं! कोर्सांची नावंच तशी. हुशार पोरांसाठी 'ए'. हातानं काम करणाऱ्यांसाठी आधी वेगळंच काहीतरी होतं, ते लोकांना कळायला लागलं म्हणून मोडीत काढायला घेतलं आणि 'टी' आणलं. 'टी' कळेपर्यंत म्हणे 'व्ही' येतंय! म्हणजे ज्या मंत्र्याला कुठलंच खातं सांभाळता येत नाही त्यालाही एक अक्षर. अक्षरं संपली की काय करणार, पोरांना आकडे लावणार?

तर जोडी 'टी'ला गेली. तिथले सर, प्रिटचर्ड म्हणून, भला माणूस, पण गळ्यात इतक्या पट्ट्या आणि ओळखपत्रं की हा सर आहे की सामान, कळू नये. ते म्हणाले, दोन वर्षं वर्गात शिकायचं आणि मधे बरेच आठवडे खऱ्या मालकाकडे खरं काम करायचं. ते काम झालं नाही तर बाकी सगळ्या पेपरांत पहिली आली तरी प्रमाणपत्र नाही! मी म्हटलं, "मग तो मालक कुठाय?" तर म्हणे, "तो अजून मिळायचाय." मी म्हटलं, "म्हणजे बादली दिलीत आणि वाफ आम्ही शोधायची?" तर हसले बिचारे, ओशाळून. "नवीन आहे, आजोबा. घडी बसेल हळूहळू."

घडी! कुणाची घडी? अहो, गावात बांधकामवाले उरलेत किती? एक म्हणाला, अठराच्या आतलं पोर शिडीवर चढवलं तर विमावाले मला चढवतील. दुसरा म्हणाला, मुलींसाठी वेगळी मोरी नाही. तिसऱ्यानं फोनच उचलला नाही, तो सगळ्यांत सज्जन. जोडी रोज कॉलेजातून येऊन विचारायची, "कुणाचा निरोप?" नाही. वर्गात पडद्यावर छपराची चित्रं बघायची, घरी येऊन शेडच्या पत्र्यावर चढून बसायची. दीड वर्ष गेलं. सर म्हणतात, "नवीन आहे..." हो हो, बसेल घडी!

शेवटी मी क्लिफला गाठला. क्लिफ ऍशवर्थ, माझ्याच हाताखाली शिकलेला, आता स्वतःचा मालक, पोट सुटलंय, गाडीवर नाव आहे. पबमध्ये त्याच्यासमोर बसलो आणि तो हो म्हणेपर्यंत उठलोच नाही. शेवटी म्हणाला, "मिस्त्री, तुमच्यासाठी घेतो. पण पोरगी सांगितलेलं ऐकणारी पाहिजे." मी म्हटलं, "माझी नात आहे!" तेव्हाच त्यानं शहाणं व्हायला पाहिजे होतं.

रविवारी जेवताना मी तिला तयार केलं. म्हटलं, "जोडे, पहिल्या दिवशी ते तुला काहीतरी आणायला पाठवतील. काचेचा हातोडा, डाव्या हाताचा स्क्रूड्रायव्हर, असलं वेडंवाकडं कानावर आलं की जायचं नाही. हसायचं. म्हणजे त्यांना कळेल, ही कुणाची नात आहे." पोरगी खूश! आज्जी म्हणाली, "नको भरवूस तिला काही." पण आज्जीचं ऐकायला मी काय 'ए'वाला आहे?

सोमवारी क्लिफ चर्चच्या सभागृहाच्या छपरावर. जुना पत्रा उचकटलेला, छप्पर उघडं, वर ढग. वरून ओरडला, "जोडी! डावी कात्री गाडीत नाहीये, दुकानातून घेऊन ये, पळ!"

डावी कात्री.

आता तुम्हाला सांगतो, पत्रा कापायची डावी कात्री असते. खरंच असते! एक डावीकडे वळत कापते, एक उजवीकडे, लाल दांड्याची आणि हिरव्या दांड्याची. मला माहीत नव्हतं? जन्मभर हातात होती माझ्या! पण तिला सांगायचं सुचलं नाही, कारण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. आणि कॉलेजात? कॉलेजात पडद्यावर कात्रीचं एक चित्र दाखवलं होतं. हिरवीचं!

पोरगी हसली. वर बघून म्हणाली, "आणि काचेचा हातोडा पण आणू का?" वाऱ्यात क्लिफला ते ऐकूच गेलं नाही. त्याला वाटलं ही गेली दुकानात, आणि ही गाडीच्या मागे बसून बेकनपाव खातेय, आता सगळे हसत खाली येतील, पाठीवर थाप मारतील, म्हणून वाट बघतेय! क्लिफनं फोन करावा, तर कॉलेजच्या नियमानं साइटवर तिचा फोन बंद. नवीन नियम! क्लिफ वर उजवी कात्री घेऊन शिव्या घालतोय... आणि पाऊस आला. आमच्याकडचा, आडवा. सभागृहाची नवी लाकडी जमीन, आदल्याच महिन्यात बसवलेली, पाव चहात बुडवल्यासारखी फुगली हो!

मी गेलो क्लिफकडे. म्हटलं, "चूक माझी, तिला थट्टा वाटली रे पोरा, तूही सोसलीस की अशी." त्यानं हातातली कात्री खाली ठेवली. मग म्हणाला, "सोसली ना, मिस्त्री. पट्ट्यांच्या रंगासाठी तुम्ही मला गावभर फिरवलंत, मी रडत परत आलो, तुम्ही सगळे हसलात. पण दुसऱ्या दिवशी मी कामावर होतो. चुकलो, परत दुसऱ्या दिवशी होतो. असे किती दुसरे दिवस दिलेत तुम्ही मला! हिला दुसरा दिवस द्यायला माझ्याकडे आता विमाच नाही. जमीन फुगल्यावर विमावाल्यांनी तो रद्द केला."

मी टोपी उचलली आणि न भांडता निघालो. मी! गावात विचारा कुणाला, पटणार नाही.

कॉलेजात गेलो. प्रिटचर्ड सरांचेच डोळे भरलेले. म्हणाले, पेपरांत तर उत्तम आहे, पण काम पूर्ण नाही, दुसरा मालक मिळायला वेळ उरला नाही, आणि पुढच्या खेपेला सगळं बदलतंय, तेव्हा नक्की काय होईल ते... मीच म्हटलं, "नवीन आहे, सर. घडी बसेल." पहिल्यांदाच त्या माणसाला हसू आलं नाही.

जोडी महामार्गाजवळच्या गोदामात लागली. खोकी भरते. अंगात पिवळं जाकीट, मनगटाला एक यंत्र, ते सांगतं कुठल्या रांगेतून काय उचलायचं. छप्पर आहे तिथं, प्रचंड, पण ही त्याच्या खाली. काल सकाळी निघाली तेव्हा दारात अडवली मी. म्हटलं, जरा हसेल तरी. म्हटलं, "काय गं, पहिल्या दिवशी काय आणायला पाठवलं तुला? मला तरी सांग, कशी थट्टा करतात तिथली पोरं?"

पायात बूट चढवत होती. वर न बघता म्हणाली, "तिथं कुणी थट्टा करत नाही, आजोबा. तिथं कुणी बोलतच नाही."