गोल दिव्याची वरची बाजू

नाही, पण मला एक सांगा, गोल वस्तूला डोकं-पाय असतात का हो? ताटाला असतात? बांगडीला असतात? मग गाडीच्या गोल दिव्यालाच कुठून आले?... हसा, हसा. सासुरवाडीची अख्खी गल्ली हसून झालीय, तुम्हीच तेवढे राहिला होतात!

तुम्हाला सांगतो, सगळं दुखणं त्या प्लॅस्टिकचं. माझी गाडी आणि सासऱ्यांची गाडी, नाव एकच, तोंडावळाही तोच, फक्त त्यांचं मॉडेल जुनं आणि माझं नवं. जुनीला दिवे काचेचे, जाडजूड. नवीला प्लॅस्टिकचे. ते उन्हानं असे पिवळे पडले की समोर उजेड पडलाय की कुणी चहा सांडलाय, तेच कळेना! टूथपेस्टनं घासले. दिव्यांना वास छान यायला लागला, उजेड तेवढाच. ही म्हणाली, "अहो, नवे घ्या ना." मी म्हटलं, "पुन्हा प्लॅस्टिक? छे! काच ती काच!"

आणि सासऱ्यांची गाडी अंगणात नुसती उभी. फारशी चालत नाही, पण जीव केवढा तिच्यावर! दर आठवड्याला आंघोळ, दिवे पुसायला वेगळं फडकं. सासरे भूगोलाचे मास्तर, आता निवृत्त. बोलणं मोजकं, आणि घरात दिसेल त्या वस्तूला चिकटपट्टी लावून वर नाव लिहायची खोड. डब्यावर 'मीठ', बटणावर 'पंखा'. अशा माणसाकडे त्याच्या लाडक्या गाडीचे डोळे मागायचे म्हणजे... पण मागितले. आधी दोन्ही दिवे त्यांच्या फडक्यानं पुसले. मग म्हणाले, "मुलगी बसते ना तुमच्या शेजारी? तिला रस्ता दिसला पाहिजे. न्या." आणि स्वतःच्या हातानं काढून दिले हो! जुन्या स्वेटरात गुंडाळून, तान्ह्या बाळासारखे. गाडीला दोन भोकं पडली, त्यांत कापडाचे बोळे कोंबले. मला बघवेना. पण म्हटलं, काच ती काच!

घरी येऊन स्वेटर उलगडतो तर काय? दोन्ही दिव्यांवर चिकटपट्टी, आणि वळणदार अक्षरात एकच शब्द, 'वर'. तुम्हाला सांगतो, दोन्ही पट्ट्या तीन-तीनदा वाचल्या मी! हिला हाक मारली, म्हटलं, "बघ! डोक्यावरचे केस गेले, पोट सुटलं, पण तुझ्या वडिलांच्या लेखी मी अजून नवरदेव! वराला भेट दिलीय!" ही म्हणाली, "बाबा असलं काही लिहितील?" मी म्हटलं, "बोलत नाही माणूस, पण मनात असतं." आणि त्या पट्ट्या हळूच सोडवून पाकिटात ठेवल्या. पाकिटात, लग्नातल्या फोटोशेजारी!

मग दिवे बसवायला घेतले. मेकॅनिक कशाला हवा? गोल दिवा गोल भोकात, बालवाडीतलं पोर करतं! मागे तीन खुंट्या होत्या, त्या नव्या गाडीच्या खाचांत बसेनात. फिरव, फिरव, फिरव... आणि एका जागी टक्! बसला की! दुसराही तसाच टक्! ही म्हणाली, "काचेवरच्या रेघा आधी अशाच होत्या का हो?" मी म्हटलं, "अगं, गोल आहे तो!"

अंधार पडल्यावर निघालो सासऱ्यांना दाखवायला. डिकीत माझे पिवळे दिवे घेतले, म्हटलं त्यांच्या गाडीची भोकं तरी बुजतील. रस्त्याला लागलो, आणि काय सांगू, समोरून येणारी प्रत्येक गाडी मला दिवे मिचकावतेय! मी म्हटलं, "बघ, जाणकार लोक! काच ओळखली!" मीही मिचकावले. एका ट्रकवाल्यानं खिडकीतून हात काढून काहीतरी ओरडून सांगितलं, मीही हात हलवला, "थँक्यू, थँक्यू!" झाडांवरचे कावळे उठले, तिसऱ्या मजल्यावरची एक बाई गॅलरीत येऊन कोकलली, "कोण आहे रे तो मेला?" ही म्हणाली, "अहो, रस्ता दिसतोय का तुम्हाला?" आता खरं सांगतो, नव्हता दिसत. पाट्या दिसत होत्या, विजेच्या तारा दिसत होत्या, वाळत घातलेले कपडे दिसत होते, रस्ता तेवढा नव्हता. पण कबूल कसं करायचं? मी म्हटलं, "डोळ्यांना सवय व्हायला वेळ लागतो. काच ती काच!"

सासऱ्यांच्या फाटकातून आत वळलो. माडीवरच्या गॅलरीत सासूबाई, अशा लख्ख उजळल्या की नाटकाचा पडदाच वर गेलाय! त्या दोन्ही हात हलवतायत, मी म्हणतोय, जावई आल्याचा किती हा आनंद... आणि खाली धडाम्!

सासऱ्यांची गाडी हो! ती बिचारी डोळ्यांत बोळे घालून उभी, तिला मी दिसलो नाही, समजू शकतो. पण मला ती दिसायला नको? खळ्ळकन एक दिवा फुटला, चुरा झाला चुरा... काच ती काच!

सासरे अनवाणी धावत आले. मला वाटलं, आधी गाडीकडे जातील. नाही हो. आधी मुलीचं दार उघडलं, तिला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं, मग मला विचारलं, "जावईबापू, लागलं नाही ना?" अहो, शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं! मला मान वर करवेना. मग वाकून उरलेला दिवा बघितला आणि म्हणाले, "पट्टी लावली होती मी. ही बाजू वर." एवढंच. आणि आमची ही, काही गरज होती का हिला? म्हणाली, "बाबा, त्यांना वाटलं, वर म्हणजे तेच." सासऱ्यांनी माझं टक्कल बघितलं, मग पोट बघितलं. आयुष्यभर पेपर तपासलेला माणूस, पण या उत्तराला किती गुण द्यावेत, त्यांनाही सुचेना! लाज वाटली हो, फार लाज वाटली. मुलीला रस्ता दिसावा म्हणून त्यानं डोळे काढून दिले, आणि मी तिला घेऊन आलो तो कावळे बघत! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. पण धरणी दिसत होती कुठं?

बरं, घरी तर परतायला हवं. मग सासरेच खाली बसले, डिकीतले माझे पिवळे दिवे परत बसवायला. मी म्हटलं, "मी काही मदत करू?" म्हणाले, "टॉर्च धरा." एवढंच काम! धरली. जबाबदारीनं धरली, दोन्ही हातांनी. थोड्या वेळानं त्यांचा स्क्रूड्रायव्हर थांबला. डोळे घट्ट मिटलेले, आणि अगदी शांतपणे म्हणाले, "जावईबापू, उजेड स्क्रूवर पाडा. माझ्या तोंडावर नको."

सासूबाईंनी माझ्या हातातली टॉर्च काढून घेतली, आणि मला आत नेऊन टीव्ही लावून दिला.