ओप्पियाबाईंच्या तोंडचा क्रूस

मंडळी, आधी एक प्रश्न, आणि उत्तर लगेच द्यायचं नाही! तोंडातून शब्द गेला — आता तो कुणाचा? बोलणाऱ्याचा? की ज्याच्यावर पडला त्याचा? अहो सुलभामावशी, एवढ्यात मान हलवू नका! अजून गोष्ट सुरूच कुठे झालीय?

क्रूस आपल्या गळ्यात आहे. भिंतीवर आहे. नाताळच्या केकवरसुद्धा असतो, साखरेचा! पण जुन्या लोकांच्या तोंडात हा शब्द कसा होता? मी शाळेच्या सुट्टीभर पाळकसाहेबांचं डोकं खाल्लं, तेव्हा कळलं. ग्रीकमध्ये म्हणायचे स्तौरोस. म्हणजे? उभा खांब! संपलं! कुंपणाला ठोकतात ना, तसला. आपल्या जुन्या माणसांनी वधस्तंभ म्हटलं, ते उगाच नाही. लॅटिनमध्ये क्रुक्स. त्याचा आकार कसा? गणितातल्या अधिकसारखा? — शब्दात तसं काहीच नाही, मंडळी! माणूस मरेपर्यंत ज्यावर टांगायचा ते लाकूड, एवढंच. आणि आडव्या लाकडाला म्हणायचे पातिबुलुम. दाराला आतून घालतात त्या अडसरालाही हाच शब्द.

शांतवनकाका, पेटी जरा खालच्या पट्टीत घ्या. आता हसायचं नाही, भ्यायचं आहे.

रोमी राज्यातलं एक बंदर. तिथं ओप्पियाबाई. नवरा जहाजांवर, घर हिच्या ताब्यात, आणि जीभ कुणाच्याच ताब्यात नाही! तिची लाडकी शिवी एकच — "जा, क्रूसावर जा!" चपलेचा पट्टा तुटला — जा क्रूसावर! मांजरानं दुधात तोंड घातलं — जा क्रूसावर! हसताय? आपल्याकडे "मुडदा बशिवला तुझा" म्हणतात, तेव्हा कुणी मुडदा बघायला जातं का?

तिच्या घरी एक गुलाम पोरगी होती, मीर्ता. माझ्याएवढीच. एका संध्याकाळी घरात पाहुण्या बसलेल्या, खाणं चाललेलं. मीर्ता दिव्यात तेल घालायला आली, हात हलला, आणि तेल पाहुणीच्या मांडीवर!

"जा! क्रूसावर जा!"

पाहुणी तेल पुसत हसली. "अगं ओप्पिया, रोज म्हणतेस, करत तर कधी नाहीस! तुझ्या गुलामांना पाठ झालंय ते."

बाकीच्या खुदकन हसल्या. झालं! बाईंचं नाक लाल.

"करत नाही? बोलवा रे हिलारसला!"

हा हिलारस कोण? गावातली प्रेतं उचलायचा ठेका याच्याकडे. आणि दुसरंही एक काम. कुणाला आपला गुलाम संपवायचा असेल तर निरोप धाडायचा. हा माणसं, दोर, घंटा घेऊन हजर! न्यायाधीश? नाही. चौकशी? नाही. मालकाचा शब्द — पुरे!

ओप्पियाबाईंच्या मनात मारायचं नव्हतं हो! तो येईल, पोरगी पाया पडेल, मी माफ करीन, बायका वा वा म्हणतील — असा बेत.

हिलारस आला. लाल टोपी, हसरा चेहरा, गोड बोलणं. "नमस्कार बाई! शिक्षा कशी द्यायची?"

"कशी म्हणजे? क्रूसावर."

"ते कळलं हो. पण कशी? नुसत्या खांबाला? की आडवं लाकूड लावून? डोकं वर, की खाली? दोर, की खिळे?"

बाईंच्या हातातला घास हातातच राहिला. "ने... नेहमीचं."

"नेहमीचं असं काही नसतं, बाई. शब्द एकच आहे. त्यात काय भरायचं, ते मालकानं सांगायचं!"

ऐकलंत? वर्षभर मांजरावर फेकलेला शब्द! आत काय आहे, ते बाईंनी कधी वाकून बघितलंच नव्हतं.

पाहुणी म्हणाली, "घाबरली बघा ओप्पिया!"

"कोण घाबरलं? लाव आडवं लाकूड!"

"खांब वेशीबाहेर रोवलेलाच आहे," हिलारस म्हणाला. "आडवी लाकडं मात्र आज सगळी कामाला गेलीत." त्यानं इकडेतिकडे पाहिलं. दारामागे अडसर उभा होता. तो उचलून त्यानं मीर्ताच्या खांद्यांवर ठेवला, तिचे हात ताणून लावून बघितले. "बसतोय हो!" — शिंपी म्हणतो ना, अगदी तसं!

मंडळी, मीर्ता पाया पडली नाही. तिला सुचलंच नाही. रोज संध्याकाळी तो अडसर तीच घालायची. ती एवढंच म्हणाली, "बाई... मग आज दार कसं लावायचं?"

ओप्पियाबाईंची नजर उघड्या दाराकडे गेली. त्या म्हणाल्या — हो, म्हणाल्या! — "थांबा."

पण कशा म्हणाल्या? अशा... थांबा... ओठांतल्या ओठांत! पाहुण्या बघत होत्या ना! हिलारसच्या माणसानं तेवढ्यात घंटा वाजवली. दोर आवळला. पोरीला पुढं घालून निघालेसुद्धा! घंटा गल्लीत... घंटा बाजारात... घंटा वेशीपाशी...

बाई धावल्या का? अजून वेळ होता! वेशीपर्यंत हाक पोचली असती! नाही. त्यांनी पाहुणीला विचारलं, "अंजीर घेणार ना अजून?"

आणि वेशीबाहेर, मंडळी, त्या शब्दात जे भरायचं ते भरलं गेलं.

शिवी सगळ्या घराला ऐकू गेली, आणि माफी बाईंची बाईंनासुद्धा धड ऐकू आली नाही! हे मी रोमी लोकांचं सांगतेय का? आपल्या प्रभूला नेलं त्या दिवशीही गर्दी ओरडत होती. त्या गर्दीत कुणीतरी असेलच, "नको, सोडा त्याला" म्हणणारं. असेलच हो! पण ओठांतल्या ओठांत! मला रात्री त्याच माणसाची भीती वाटते, कारण त्याचा चेहरा माझ्यासारखा दिसतो. शाळेत एका मुलीला सगळे मिळून बोलतात, तेव्हा मी कुठे असते? तुम्ही कुठे असता — पंचांच्या बैठकीत? सुनेच्या ताटापाशी?

चला. सगळे मिळून एकदा म्हणू या. एकच शब्द. मीर्ता अजून वेशीच्या अलीकडे आहे असं समजा, आणि म्हणा — थांबा!

...

ऐकू आलं नाही, मंडळी.