दादाची दहा वर्षं

दादाला जाऊन महिनाही झाला नाही, पण त्याचा हा किस्सा सांगितल्याशिवाय चहा घशाखाली उतरत नाही माझ्या. आजारपणात त्याची वागळे इस्टेटमधली नोकरी सुटली आणि तो कोपरीच्या घरी अंथरुणाला खिळलेला. आंघोळीपासून सगळं मीच करायचो. एकदा कॉलेजातली एक मॅडम आजारी माणसांची पाहणी करायला घरी आली.

"समजा," ती दादाला म्हणाली, "अशीच आजारपणातली दहा वर्षं मिळतील, नाहीतर ठणठणीत, पण कमी. किती कमी चालतील तुम्हाला?"

मी मध्येच तोंड घातलं. "कमी कशाला? माझ्यातली पाच काढा आणि त्याला ठणठणीत जोडा."

"दुसऱ्याची चालत नाहीत. प्रश्न एकट्या माणसाचा आहे."

"एकट्याचा? मग त्याला उचलून बसवतो कोण?"

"तू गप रे," दादा म्हणाला. "मॅडम, ठणठणीत झालो तर हा माझे पाय चेपेल का?"

मॅडमने माझ्याकडे बघितलं.

"तेव्हा मी कशाला चेपू?" मी म्हणालो. "तूच माझे चेपायचे."

दादाने आरामात उशीवर मान टेकली. "मग आहे तेच बरं आहे. दहाच्या दहा लिहा, मॅडम."