लढाईचा धडा

घशाच्या डॉक्टरांकडे नंबराची वाट पाहणारा कंडक्टर शेजारच्या दोन आजींचं बोलणं कान देऊन ऐकत होता.

"वाचताना अडखळणाऱ्या मुलांसाठी आपण इतकी वर्षं पुस्तकं रेकॉर्ड करतोय. माझा घसा कधी बसला नाही, तुझाच कसा बसला?"

"इतिहास पुन्हा पहिल्यापासून वाचतेय. एका मुलीचा फोन आला होता."

"चुका काढल्या?"

"नाही. म्हणाली, आजी, फार सावकाश वाचता. मला अक्षरं लागत नाहीत, बाकी सगळं कळतं."

"आगाऊच दिसतेय."

"खरं तेच बोलली. मी सगळ्यांना कुक्कुलं बाळ समजून वाचत होते. आता लढाई लढाईसारखी वाचते."

"डॉक्टर आवाज चढवू नका म्हणतील."

"म्हणू देत. पुढचा धडा तहाचा आहे."